नवव्या दरबारातली पाटी

तेलोक ब्लांगा, सिंगापूर
१३ फेब्रुवारी १९८६

बी चू,

तुला 'तू' म्हणतेय. मागच्या वर्षी मुआरला तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून मी तुला 'तुम्ही, तुम्ही' करत होते आणि परतताना बसमध्ये माझं मलाच हसू आलं. धाकट्या बहिणीला कुणी 'तुम्ही' म्हणतं का? तू म्हणालीस, "लिहायचंच असेल तर शाळेच्या पत्त्यावर लिहा. घरी माझ्या आईला कळता कामा नये. आणि उत्तराची वाट बघू नका." बरं. नाही बघत.

आपलं चिनी नवीन वर्ष लागलं. वाघाचं वर्ष, म्हणजे तुझं.

परवा, वर्षाच्या तिसऱ्या दिवशी, आई टायगर बाम बागेत गेली होती. मी बरोबर होते. मी तुला भेटून आलेय आणि तू येणार नाहीस, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिनं ठेवणीतला निळा ब्लाउज काढला, केसांना तेल लावून अंबाडा घातला आणि पिशवीत दोन संत्री ठेवली.

"आई, आज मरणाची गर्दी असेल. गुडघे बघ तुझे."

"गर्दी असते म्हणून तर ते लोक येतात. गर्दीत कोण कुणाकडे बघतंय?"

'ते लोक' म्हणजे तू आणि तुला वाढवणाऱ्या क्वेक काकू.

त्या दिवशी तुला विचारायचं होतं, पण तुझ्या शाळेची घंटा झाली. तू लहानपणी त्या बागेत यायचीस ते आठवतं का? क्वेक काकू तुला दरवर्षी तिसऱ्या दिवशी आणायच्या. ढेरपोट्या हसऱ्या देवापाशी एक ठेंगणी बाई भेटायची. ती तुला दोन संत्री आणि पैशांचं एक लाल पाकीट द्यायची. काकू म्हणायच्या, "मावशीला नमस्कार कर." तू करायचीस. ती मावशी म्हणजे आपली आई. तसंच ठरलं होतं. वर्षातून एकदा, बागेत, चारचौघांत, आणि कोण आहे ते सांगायचं नाही. तिच्या शेजारी दोन वेण्यांची, सदा सर्दी झालेली एक मुलगी असायची. ती मी.

तुला तो बाईच्या डोक्याच्या खेकड्याचा पुतळा फार आवडायचा. एकदा तू मला म्हणालीस, "हिला भूक लागली तर ही स्वतःचेच पाय खाते का?" मी आईला ते सांगितलं, तर पुढचं सबंध वर्ष भेटेल त्याला ती हे सांगत सुटली. फक्त कुणाची मुलगी म्हणाली ते सांगायची नाही.

मग तुम्ही यायच्या बंद झालात. काकांनी पासिर पांजांगचं दुकान विकलं, एवढं कानावर आलं. कुठे गेलात ते कुणाला माहीत नव्हतं. आई मात्र जातच राहिली. बाबा तर कधीच गेले होते, आजी गेली, आमचं झोपडं पाडून सरकारनं ही नवव्या मजल्यावरची खोली दिली, माझं लग्न झालं, पण तिसरा दिवस काही चुकला नाही. संध्याकाळपर्यंत बसते आणि घरी आल्यावर संत्री सोलून मला देते. स्वतः एक फोडसुद्धा तोंडात टाकत नाही.

निघायच्या आधी ती नरकात जाते. तुला ती यमाच्या दरबारांची गुहा आठवत असेल, बैलतोंड्या आणि घोडतोंड्या पुतळे दारावर उभे असतात ती. तू तिथे माझ्या फ्रॉकमागे लपायचीस. आईला वाचता येत नाही, म्हणून दहाही दरबारांच्या पाट्या मी वाचून दाखवायच्या. ही जीभ कुणाची उपटतायत? खोटं पसरवणाऱ्याची. हा करवतीखाली कोण? अन्न टाकणारा. नवव्या दरबारात शिळेखाली माणसं चिरडतात तिथे ती फार वेळ थांबते. मी वाचते, "दरोडेखोर." पाटीवर ते नाहीये. काय आहे ते इथे लिहीत नाही.

बाहेर आलं की दरवर्षी एकच वाक्य. "माझं काही कुठे लिहिलेलं नाही."

"तुझं कशाला असेल?"

"असायला हवं होतं."

एवढंच कळवायचं होतं. राग आला तर फाडून टाक.

सिओक हिआन


२० एप्रिल १९८६

बी चू,

उत्तर देणार नव्हतीस, तरी तुझं कार्ड आलं. एकच ओळ. 'वाघाच्या वर्षाची म्हणून ज्यांनी मला देऊन टाकलं, त्यांना वाघाच्या वर्षातच माझी आठवण यावी?' अक्षर किती सुरेख आहे तुझं. मी ते कार्ड तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय. आईला वाचता येत नसलं तरी तिला अक्षरांचा वास येतो.

तुला हे कुणी सांगितलं? काकूंनीच सांगितलं असणार. आणि काकूंना आपल्या आजीनं. आमच्या वाडीतही सगळे तेच म्हणायचे. वाघाच्या वर्षाची मुलगी बापाला खाते. बाबांना तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होतं. आई बंदरावर कांद्याच्या गोदामात निवडायला जायची, आजी बाबांपाशी बसायची. मग आजी कुठल्याशा ज्योतिष्याकडे जाऊन आली, आणि क्वेकांना मूल नव्हतं. असं ते झालं. निदान असं सांगतात.

मी सहा वर्षांची होते. मला आठवतं ते फार थोडं आहे. सकाळी आईनं माझे केस विंचरले, दोनदा विंचरले. मला नवे बूट घातले. सण नव्हता, लग्न नव्हतं, मग बूट कशाला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काढून घेतले असते. क्वेक काकू आल्या, त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाल्या, "सुईत दोरा ओवता येतो का गं?" मी "हो" म्हणाले. मग आई मला चुलीपाशी घेऊन गेली. बराच वेळ आम्ही तिथे होतो. आणि मग ती उठली आणि पाळण्यापाशी गेली.

बाकी मला माहीत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. आईच्या यकृतात गाठ आहे. हे वर्ष निघेल असं डॉक्टरांना वाटत नाही. तिला आम्ही 'पित्त आहे' म्हणून सांगितलंय आणि ती 'हो का' म्हणते. तुला दया यावी म्हणून हे लिहीत नाहीये, असं लिहायला घेतलं होतं. पण खोटं कशाला? त्यासाठीच लिहितेय.

जूनमध्ये शाळांना सुट्टी असते ना? घरी नको येऊस. बागेत ये. काकूंना सांग, शाळेचं काम आहे. एक दुपार.

सिओक हिआन


१७ जून १९८६

बी चू,

पोचलीस का नीट? एक ओळ टाकली असतीस तर बरं झालं असतं. पण मी असते तरी टाकली नसती.

तू रागानं निघून गेलीस, आणि रागात ऐकलेलं पुढे आणखी वेगळंच होऊन बसतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून काढतेय. तुला ते सगळं माहीत आहे, तरी वाच.

तू फाटकातून आलीस तेव्हा आईनं तुला ओळखलं नाही. ती तुझ्या मागून येणाऱ्या एका जाड्या बाईकडे बघत होती. मी कोपरानं ढोसलं, "आई, ही." मग तिनं आधी तुझ्या चपलांकडे बघितलं, नंतर तोंडाकडे, आणि म्हणाली,

"जेवलीस?"

"हो, मावशी."

"काय जेवलीस?"

"बसस्टँडवर नूडल्स खाल्ले."

"बसस्टँडवरचं कशाला खायचं? तेल कसलं असतं कोण जाणे."

सव्वीस वर्षांनी भेटून तेलावर बोलत होतात दोघी. मला वाटलं, चला, जमलं. तिनं पिशवीतून संत्री काढली. जूनमध्ये आपली चिनी संत्री कुठली मिळायला? ती अमेरिकेची जाड सालीची होती, सबंध बाजार पालथा घालून आणलेली. तू दोन्ही हातांनी घेतलीस. कुणाच्या तरी चांगल्या घरात वाढलीस, हे तेवढ्यावरनं आईला कळलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू तिनंच शिकवलंय.

मग आपण वर चढत गेलो. दात पडलेल्या सासूला सून अंगावर पाजतेय, त्या पुतळ्यापाशी शाळेच्या पोरी फिदीफिदी हसत होत्या. आई म्हणाली, "माझ्या सासूला मी पाजलं असतं तर तिनं चावलंच असतं." आणि तू हसलीस, मान मागे टाकून, एकदम मोठ्यांदा. आईचा पाय तिथेच थांबला. बाबा असे हसायचे. मला ते नीट आठवत नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण तिला नरकात जायचं होतं. "नेहमी जातो," म्हणाली. तू म्हणालीस, "चला की, मी वाचून दाखवते. पोरांना दिवसभर तेच तर शिकवते." मी काहीतरी बडबडले, आत अंधार आहे, पाय घसरतो. तुम्ही दोघी पुढे गेलातसुद्धा.

तू किती छान वाचतेस. खणखणीत, एक अक्षर न खाता. नवव्या दरबाराशी पोचलो तेव्हा मी खोकले, तुझ्या पाठीला हात लावला, पण तुझं लक्ष नव्हतं. तू वाचलंस, "वृद्धांची आणि लहान मुलांची हेळसांड करणारे. शिक्षा, शिळेखाली चिरडणे."

आई म्हणाली, "काय म्हणालीस? परत वाच."

तू परत वाचलंस.

आई माझ्याकडे वळली. "तू तर दरोडेखोर म्हणायचीस."

"माझ्याकडे चष्मा नव्हता, आई."

"पंचवीस वर्षं?"

तिनं कठड्याला हात लावला. त्या सिमेंटच्या शिळेखालून बाहेर आलेले हातपाय, तो लाल रंग, सगळं ती नव्यानं बघत राहिली. आणि तिचा चेहरा उतरला नाही, बी चू. तू तिच्या बाजूला उभी होतीस, तुला दिसलं नसेल. ती हलकी झाली.

"आहे तर," म्हणाली. "बरं झालं. मला वाटायचं, यमाच्या दारातसुद्धा आपली दखल नाही."

तेव्हा तू जे केलंस ते मी विसरणार नाही. तू तिच्या हातावर हात ठेवलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि म्हणालीस, "मावशी, असं नका म्हणू. तुम्ही हेळसांड नाही केलीत. तो काळच तसा होता. वाघाच्या वर्षाची पोर कोण ठेवत होतं? आमच्या गल्लीतच तिघीजणी आहेत तशा. मी तुम्हाला दोष नाही देत."

तू हे ठरवून आली होतीस ना? बसमध्ये मनाशी घोकत आली असशील. आईनं नुसती मान हलवली असती तर आपण तिघी खाली येऊन सरबत प्यायलो असतो.

पण ती म्हणाली, "वाघ? कुठला वाघ?"

मी म्हणाले, "आई, चल, उशीर होतोय."

"थांब गं. पोर काय म्हणतेय ते ऐकू दे. वाघबिघ काही नव्हतं, बाळ. ते तुझ्या आजीनं नंतर उठवलं, शेजाऱ्यांची तोंडं बंद करायला. तुझ्या बापाला त्याचं त्याचं दुखणं होतंच की, तू जन्मायच्या आधीपासून. क्वेक बाईंना ही हवी होती." माझ्याकडे बोट केलं. "सहा वर्षांची, दुकानात हाताशी येईल अशी. सगळं ठरलं होतं. हिचे बूटही त्यांनीच पाठवलेले. मी हिचे केस विंचरत होते आणि ही म्हणाली, 'आई, संध्याकाळी परत येऊ ना आपण?' मग मला नाही जमलं. मी म्हटलं, हिला सगळं आठवेल, ही रोज दाराकडे बघत बसेल. आणि तू तान्ही. तुला काय आठवणार होतं? म्हणून तुला दिलं."

तिला वाटत होतं ती तुला काहीतरी देतेय. मी तिला ओळखते. तिला वाटलं, पोरीला इतकी वर्षं स्वतः अशुभ आहे असं वाटत आलं, ते आता जाईल.

मागून एक कुटुंब आलं, आपण भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली. मग तू पुढच्या दरबाराकडे बघितलंस. दहाव्या दरबारात ती म्हातारी बसलेली असते, पुढच्या जन्माला जाणाऱ्यांना सगळं विसरायला लावणारा चहा पाजणारी. तू म्हणालीस,

"तो चहा तुम्ही मला जिवंतपणीच पाजलात."

आणि तू निघालीस. आई मागे धावायला गेली, तिचा पाय घसरला, मी तिला धरलं. तिला बाकावर टेकवून मी फाटकाशी आले तर तू बसच्या रांगेत होतीस. तू मला पहिल्यांदाच ताई म्हणालीस. "तुला माहीत होतं, ताई?"

मी येणाऱ्या बसला हात केला.

आता उत्तर देते. बूट मला माहीत होते. चुलीपाशी आईनं माझ्या पायातले बूट काढले ते माहीत होतं. मोठी झाल्यावर त्याचा अर्थ लावायला काय लागतं? पण कुणी तो उघड बोलेपर्यंत मला आंधळं राहता येत होतं.

संत्री तू बाकावर ठेवून गेलीस. आईनं ती तशीच घरी आणली. या वेळी मलाही दिली नाहीत.

तुझी ताई


१२ ऑगस्ट १९८६

बी चू,

गेल्या आठवड्यात आईला इस्पितळात हलवलं. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत आणि पोट फुगलंय. माझ्या नवऱ्यानं, आह टेकनं, बसच्या दोन पाळ्या सोडल्या, आम्ही आलटून पालटून बसतो. भुतांचा महिना चालू आहे, खाली अंगणात रोज कुणी ना कुणी मेलेल्यांसाठी कागद जाळतं, आणि शेजारणी मला जिन्यात बघून गप्प होतात. या महिन्यात कुणी जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटतं.

ती तुझं नाव काढत नाही. पण काल पेज भरवत होते तर म्हणाली, "तिला लिही."

"काय लिहू?"

"लिही की ते वाघाचंच खरं होतं. म्हातारीला आता काही आठवत नाही, काहीच्या बाही बोलली, असं लिही. वाघामुळेच दिलं म्हणावं."

"आई, ती शिक्षिका आहे. तिला ते पटायचं नाही."

"पटू दे नाहीतर न पटू दे. तू लिही. मला वाटलं खरं सांगितलं की बरं वाटतं. मला बरं वाटलं. तिला नाही वाटलं."

मी तसं लिहीत नाहीये. पण ती हे म्हणाली, ते लिहिते.

येशील तर लवकर ये. वॉर्डाचं नाव पाकिटाच्या मागे लिहिलंय.

तुझी ताई


१४ सप्टेंबर १९८६

बी चू,

तू गेल्यापासून घरात आवराआवर चालू आहे, म्हणून उशीर झाला. आईचे कपडे बांधून ठेवलेत. तो निळा ब्लाउज तिच्याच अंगावर गेला.

तू परत परत विचारत होतीस की शेवटी ती काय म्हणाली. मी "काही नाही" म्हणाले आणि तुला वाटलं मी लपवतेय. मागचा अनुभव बघता तुझं बरोबरच आहे. पण खरंच काही नाही गं. सकाळी पेज मागितली, खारवलेली भाजी घालून. मी आणेपर्यंत "नको" म्हणाली. नर्सनं तिला कुशीवर वळवलं. दुपारी गेली. मी खिडकी लावायला उठले होते. तुझं नाव घेतलं असतं तर मी तुला सांगितलं असतं, आणि माझं घेतलं असतं तरी सांगितलं असतं. कुणाचंच घेतलं नाही.

तुझी शाळेतली चिठ्ठी, 'शनिवारी येते', आई गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी आमच्या पेटीत पडली. शनिवारी तू इस्पितळात येणार होतीस, आली असतीस. हे मी मनात पक्कं करून ठेवलंय, तूही ठेव. तार केली ती आह टेकनं, मला सुचलंच नव्हतं.

इमारतीखालच्या मांडवात तू आलीस तेव्हा क्वेक काकूंना बघून माझी पाचावर धारण बसली. पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत आलेल्या. मला वाटलं, तुला परत न्यायलाच आल्यात. तू पाहुण्यांच्या टेबलापाशी बसलीस, मदतीच्या पैशांचं पांढरं पाकीट टेबलावरच्या पेटीत टाकलंस, उदबत्ती लावलीस आणि तीन वेळा वाकलीस, बाहेरची माणसं वाकतात तशी. मी समोर सुतकाचं, पोटच्या मुलांनीच घ्यायचं गोणपाट पांघरून गुडघ्यावर होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग तुला राहवलं नाही, तू नळाकडे गेलीस.

बसस्टँडवर निघताना तू मला विचारलंस, "माझी आई नको म्हणाली असती. तू तिला भरीला घातलंस का, माझ्या बाहीला तो गोणपाटाचा तुकडा लावायला?" गाडी सुटत होती, तुझ्यापुढे काकू बसलेल्या, मी नुसती मान हलवली. आता लिहिते. तू नळावर होतीस तेवढ्यात काय झालं ते तुला माहीत असायला हवं.

काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. तुझे गुडघेही आता माझ्यासारखेच असतील." मग शवपेटीकडे बघत म्हणाल्या, "ही पत्रं शाळेत येतात हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मुआर एवढंसं गाव. तिथला पोस्टमन आमच्याकडूनच साखर नेतो."

मी म्हणाले, "काकू, चूक माझी."

"मला तू हवी होतीस, ठाऊक आहे ना तुला? पोर आणली ती तान्ही. मी सबंध वर्ष ह्यांच्याशी भांडले की फसवलं आपल्याला. दिवसरात्र रडायची. दुकानात गिऱ्हाईक टिकायचं नाही. परत द्यायला मी दोनदा बाहेर पडले होते. दोनदा कोपऱ्यावरून परतले. दुसऱ्यांदा का परतले ते अजून कळलं नाही मला."

भटजी पलीकडे घंटा, कागद मांडत होते.

"बागेत आणायचं मीच कबूल केलं होतं. मला वाटलं, वर्षातून एकदा, काय बिघडतंय? हिला खेकडे दाखवायचे, संत्री घ्यायची, घरी जायचं. दहा वर्षांची झाली तेव्हा बसमध्ये मला म्हणाली, 'आई, ती मावशी नेहमी बागेतच असते. तिला आपल्या घरी घेऊन जाऊया? माझ्या खोलीत जागा आहे.'" काकूंनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. "मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, दुकान विका. कुठेही चला. इथे नको. तिला काही कळलं नव्हतं, कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती तिला घरी न्यायला निघाली होती."

तुला हे आठवत नाही ना? मी तेव्हा ठरवलं, तुला कळवायचं. आईला वाटलं होतं, तुला काय आठवणार. तुला काही आठवायची गरजच नव्हती, बी चू. तू न आठवताच तिच्यासाठी जागा करत होतीस. हे आईला कळलं नाही, ती ते न ऐकताच गेली, आणि यावर मला काही करता येत नाही. रात्री तेच येतं मनात.

तेवढ्यात भटजी आले. चष्मा कपाळावर, हातात कागद. जाणाऱ्याच्या मागे कोण कोण, ते देवापुढे वाचायचं असतं ना, त्यासाठी. त्यांनी मला विचारलं, "मुलगे?"

"नाहीत."

"मुली?"

बी चू, माझ्या तोंडात 'एक' आलं होतं. काकू शेजारी, त्यांचा मान ठेवायला हवा, तुला दिलेला शब्द पाळायला हवा, की घरी कळता कामा नये. मी तोंड उघडलं.

काकूच बोलल्या. त्यांनी भटजींकडे बघितलंही नाही. समोरच्या घडीतून गोणपाटाचा एक तुकडा उचलला, स्वतःच्या ब्लाउजची टाचणी काढली, आणि म्हणाल्या,

"दोन. दुसरी नळावर तोंड धुतेय. ती येईपर्यंत थांबा."

तुझी ताई
सिओक हिआन